रेकॉर्ड प्लेअरची घूं घूं: नवा अँप्लिफायर घेण्याआधी

प्रश्न: खानापूरला आमचं जुनं जांभ्याचं घर आहे, वर लाकडी माडी. वडिलांच्या रेकॉर्डी इतकी वर्षं ट्रंकेत पडून होत्या. बऱ्याचशा शास्त्रीय आणि अभंगांच्या एलपी, थोड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, नाट्यपदांच्या. चुलत्यांनी फार पूर्वी सौदीहून आणलेला पट्ट्यावर चालणारा टर्नटेबल माडीवरच्या शोकेसवर ठेवला आणि छोट्या फोनो डबीतून होम थिएटरच्या ऑक्सला जोडला. रेकॉर्ड लावायच्या आधीच घूं असा आवाज येतो, सुई धरणाऱ्या आर्मला हात लावला की कमी-जास्त होतो. आवाज वाढवला की हुंकार भरतो आणि वाढतच जातो. गाणं चालू असताना चुरचुर असते, आणि सगळ्या गायकांचा आवाज जड, थकलेला वाटतो. दुकानदार म्हणतात, अँप्लिफायर आणि स्पीकर दोन्ही बदला, साठ हजारांच्या घरात जाईल. काय घ्यावं?

उत्तर: अजून काहीही घेऊ नका. तुम्ही चार तक्रारी लिहिल्यात आणि त्या चार वेगळ्या जागांच्या आहेत. त्यातली एकही नव्या अँप्लिफायरने किंवा नव्या स्पीकरने जाणार नाही. चांगले स्पीकर आणलेत तर तीच घूं अधिक स्पष्ट ऐकू येईल, एवढंच. रेकॉर्डवरून आवाज उचलला जातो तिथे, म्हणजे सुईच्या टोकाशी, जे बिघडतं ते पुढचं कुठलंही यंत्र दुरुस्त करू शकत नाही. म्हणून काम सुईकडून स्पीकरकडे करत जायचं. बहुतेक लोक उलट्या बाजूने पैसे घालतात, कारण स्पीकर डोळ्यांना दिसतो.

आधी हे लक्षात घ्या की टर्नटेबलवरच एवढे आवाज का होतात. मोबाईल किंवा सीडी प्लेअरमधून अँप्लिफायरला मिळणारा विद्युतदाब एक-दोन व्होल्टपर्यंत असतो. सुई ज्यात बसते त्या मूव्हिंग मॅग्नेट (एमएम) जातीच्या कार्ट्रिजमधून येतात फक्त ३ ते ५ मिलिव्होल्ट. फोनो डबी ते साधारण शंभरपट वाढवते. त्याशिवाय एलपी कापतानाच खर्ज कमी करून आणि तार वाढवून कापलेली असते. ही आरआयएए पद्धत १९५४ च्या सुमाराला सगळीकडे रूढ झाली. वाजवताना ते उलट फिरवावं लागतं. त्यामुळे हजार हर्ट्झच्या स्वराच्या तुलनेत ५० हर्ट्झचा आवाज फोनो डबीत आणखी सातपट उचलला जातो. आणि आपल्या घरातली वीज नेमकी ५० हर्ट्झची. म्हणजे वायरीत शिरलेला विजेचा अगदी बारीक अंशसुद्धा स्पीकरपर्यंत पोचताना मोठा होऊन बसतो. यंत्र वाईट आहे असा याचा अर्थ नाही. या ठिकाणी जोडणी नीट असावीच लागते, इतकंच.

आता घूं कुठून येते ते शोधा. अँप्लिफायर चालू, आवाज नेहमीएवढा, थाळी बंद, आर्म आपल्या खुंटीवर. घूं ऐकू येते, म्हणजे ती विजेची आहे, रेकॉर्डची नाही. आता आवाजाचं बटण पूर्ण शून्यावर न्या. तरीही राहिली तर दोष अँप्लिफायरच्या पॉवर सप्लायमध्ये आहे. जुन्या सेटमध्ये मोठे कपॅसिटर सुकले की असं होतं. शून्यावर गेली, तर टर्नटेबलच्या दोन्ही आरसीए (लाल-पांढऱ्या) पिना फोनो डबीतून काढा आणि पुन्हा आवाज आणा. (पिना काढण्याआधी आणि लावण्याआधी दरवेळी आवाज शून्यावर, नाहीतर स्पीकरला धक्का बसतो.) पिना काढल्यावर घूं थांबली तर ती टर्नटेबलकडून येते. थांबली नाही तर फोनो डबी, तिचा अडॅप्टर किंवा पुढची जोडणी बघा.

तुमच्याकडे आर्मला हात लावल्यावर ती बदलते. याचा अर्थ जवळजवळ नक्की असा की अर्थ वायर लागलेली नाही. टर्नटेबलच्या मागून लाल-पांढऱ्या केबलबरोबर एक बारीक तिसरी वायर येते, टोकाला काटा असलेली. ती फोनो डबीवरच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट बसवायची. ट्रंकेत किंवा शोकेसमागे पडलेल्या यंत्रात ही वायर हमखास आतून तुटलेली किंवा काटा हिरवा झालेला असतो. मल्टिमीटर असेल तर एक टोक आर्मच्या धातूला, दुसरं काट्याला लावा. जवळजवळ शून्य ओहम दिसायला हवा. काटा कानसेने किंवा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. हा स्क्रू घरच्या अर्थिंगचा नसतो, तो फक्त सिग्नलचा अर्थ असतो. म्हणून ही वायर भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थला किंवा नळाच्या पाइपला कधीही बांधू नका.

घूं फक्त एका स्पीकरमधून येत असेल तर हेडशेलपाशी, म्हणजे आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसतं तिथे जा. कार्ट्रिजच्या मागे चार बारीक वायरी असतात: लाल आणि हिरवी उजव्या बाजूची, पांढरी आणि निळी डाव्या बाजूची. त्यातली एक सैल झाली की त्या बाजूला घूं येते आणि गाणं गायब होतं किंवा फाटतं. चिमट्याने क्लिप हलकेच काढून परत बसवा. यंत्र बंद असताना, आणि सुईवर झाकण लावून.

आर्म हाताने थाळीच्या मध्याकडे नेताना घूं वाढत गेली तर कार्ट्रिज जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतंय. होम थिएटरचा डबा किंवा सबवूफर टर्नटेबलला चिकटून असेल तर दोन-तीन फूट लांब सरकवा. एवढ्यावर ती नाहीशी झालेली मी कितीतरी घरांत पाहिली आहे.

पुढचा संशयित म्हणजे अर्थचा फेरा. होम थिएटर तीन पिनांचं, टीव्हीची केबल बाहेरून अर्थ घेऊन आलेली, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेली. अशा वेळी दोन अर्थांमधून बारीक प्रवाह फिरतो आणि ५० हर्ट्झची आणि तिच्या १०० सारख्या पटींची जरा खरखरीत घूं देतो. टीव्हीकडून येणारी केबल काढून बघा. गेली, तर कारण सापडलं. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतली तर बहुतेकदा भागतं. एक गोष्ट मात्र कुणी कितीही सांगितली तरी करू नका: घूं जाते म्हणून अँप्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन काढू नका. आवाज जातो, पण उद्या आतली वायर डब्याला टेकली तर तो प्रवाह तुमच्या अंगातून जाईल.

आपल्याकडच्या जुन्या घरांत मुळात अर्थिंगच धड नसतं. जांभ्याची जमीन पावसाळ्यात भिजलेली असते तोवर मीठ-कोळशाचा अर्थचा खड्डा काम करतो. मार्चनंतर ती कोरडी ठणठणीत होते आणि अर्थ नावालाच उरतो. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी सोडत राहावं लागतं, हे नव्या पिढीला कुणी सांगितलेलंच नसतं. आर्मला किंवा अँप्लिफायरला हात लावल्यावर बारीक मुंग्या येत असतील तर रेकॉर्डचं राहू द्या, आधी वायरमनला बोलवा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजायला सांगा, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा खटका) बसवून घ्या.

आणखी दोन गोष्टी विजेच्याच. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असला की चिर्र असा आवाज स्पीकरमध्ये येतो. पंखा पाचावर नेला की जातो. आणि लाईट गेल्यावर घर इन्व्हर्टरवर गेलं की घूं एकदम कर्कश होते, कारण स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह देत नाही. चाचण्या करताना हे दोन्ही वगळून करा.

घूं हा किरकोळ त्रास आहे, गाणं सुरू झालं की दबतो, असं बरेच जण म्हणतात. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने तरी असं म्हणू नये. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) गाणाऱ्या गायकाचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झचा असतो आणि तानपुऱ्याची पहिली तार, मंद्र पंचम, १०४ हर्ट्झच्या जवळ. त्याच्या अगदी शेजारी १०० हर्ट्झची घूं सतत चालू असेल तर ती त्या पंचमाखाली उतरलेला एक खोटा सूर धरून बसते. तानपुरा बेसूर लागतो. कुमार गंधर्व, आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले, तानपुरे जुळवण्याबाबत किती काटेकोर होते हे सर्वांना माहीत आहे. गायकांनी एवढ्या कष्टाने जुळवलेला तानपुरा आपल्या घरी येऊन एका सैल स्क्रूमुळे बिघडावा हे मला सहन होत नाही. म्हणून घूं पूर्ण घालवायची, कमी करून थांबायचं नाही.

आता ‘जड, थकलेला’ आवाज. हे वाक्य वाचलं आणि सौदीहून आणल्याचं वाचलं, तेव्हाच मला शंका आली. सौदी अरेबियात वीज ६० हर्ट्झची आहे, आपल्याकडे ५० ची. काही टर्नटेबलांमध्ये एसी सिंक्रोनस मोटर असते आणि तिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो, व्होल्टवर नाही. ६० साठी केलेली मोटर इथे पाचषष्ठांश वेगाने फिरते: ३३⅓ ऐवजी मिनिटाला सुमारे २७.८ फेरे. सूर त्या प्रमाणात खाली येतो. काळी एकचा गायक खालच्या काळी पाचला गातो, आणि विलंबित आणखी विलंबित होतं. स्टॅबिलायझर लावून यात काडीचाही फरक पडत नाही, तरी लोक आधी तोच विकत आणतात.

तपासणं सोपं आहे. थाळीच्या कडेला कागदाची छोटी चिठ्ठी चिकटवा, रेकॉर्ड लावा, सुई ठेवा आणि घड्याळ लावून तीन मिनिटं फेरे मोजा. बरोबर १०० यायला हवेत. ८३ च्या आसपास आले तर हर्ट्झचाच घोटाळा. ९७-९८ आले तर पट्टा सैल झालाय किंवा घसरतोय. पट्टा आणि पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तरी तसंच राहिलं तर त्याच घेराचा नवा पट्टा घाला. कॅसेट प्लेअरचा पट्टा किंवा रबर बँड लावू नका. सूर हेलकावे खातो, आणि ते तुम्हाला मींडेसारखं नाही, आजारी माणसाच्या आवाजासारखं ऐकू येईल. डीसी मोटरचा टर्नटेबल असेल तर हर्ट्झचा प्रश्नच नाही. तिथे मोटरवरचा किंवा खालच्या बाजूचा बारीक स्क्रू फिरवून वेग जुळवतात.

६० ची मोटर निघाली तरी यंत्र फेकायचं नाही. काही कंपन्या ५० हर्ट्झची मोठी पुली वेगळी देत असत. डब्यात किंवा थाळीखाली एखादं जास्तीचं पितळी बोंडूक सापडतंय का बघा. नसेल तर बेळगावला उद्यमबागेत लेथवर काम करणारे कारागीर काही कमी नाहीत. हिशेब असा: जुन्या पुलीच्या व्यासात पट्ट्याची जाडी मिळवायची, त्याला १.२ ने गुणायचं, आणि पट्ट्याची जाडी परत वजा करायची. ३३ आणि ४५ चे दोन टप्पे असतील तर दोन्हींना हाच हिशेब. कारागिराला दोन गोष्टी ठासून सांगा. भोक अगदी मध्यावर हवं, कारण ते जरासं सरकलं की मोटरच्या प्रत्येक फेऱ्याला सूर हलतो. आणि पट्टा बसतो ती जागा सपाट नको, मधे किंचित फुगीर हवी, नाहीतर पट्टा वर-खाली चढतो. तोवर यंत्राच्या मागच्या व्होल्टेजच्या खटक्यावर २२० किंवा २४० आहे ना, तेही बघून घ्या. सौदीत १२७ व्होल्टही चालत असत.

तिसरी तक्रार, हुंकार. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच शोकेसवर आहेत, आणि शोकेस लाकडी माडीवर. स्पीकर हलतो, शोकेस हलतं, सुई ती हालचाल वाचते, अँप्लिफायर ती मोठी करून स्पीकरला देतो, आणि हे चक्र वाढत जातं. खात्री करायची असेल तर थाळी बंद ठेवून सुई रेकॉर्डवर ठेवा आणि शोकेसवर बोटाने टकटक करा. स्पीकरमधून धब्ब असं ऐकू आलं की झालं.

उपाय यंत्रात नाही, जागेत आहे. माडीवरून टर्नटेबल खाली शहाबादी फरशीवर आणता आला तर उत्तम. वरच ठेवायचा असेल तर जमिनीवर काही ठेवू नका, जांभ्याच्या भिंतीला लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर कडप्प्याची फळी बसवा. जांभ्याची दीड फुटाची भिंत पावलांनी हलत नाही. लाकडी फळ्या पोर धावलं तरी हलतात. कडप्प्याखाली सायकलची ट्यूब, अर्धवट हवा भरून, आडवी ठेवली की उरलेली थरथरही मरते. वर टर्नटेबल गवंड्याच्या लेव्हलने दोन्ही दिशांनी समपातळीत आणा. स्पीकर वेगळ्या स्टँडवर. या सगळ्याचा खर्च एका बऱ्या सुईपेक्षा कमी येईल.

याच गोष्टीचा एक न ऐकू येणारा प्रकार आहे. स्पीकरची जाळी काढा आणि गाणं चालू असताना वूफरकडे, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरकडे बघा. गाण्याशी संबंध नसताना त्याचा कागदी पडदा हळूहळू मोठे हेलकावे खात असेल तर वाकडी रेकॉर्ड किंवा जमिनीची हालचाल खूप खालच्या कंपनांतून शिरते आहे. सबवूफर असलेल्या होम थिएटरमध्ये हे फार होतं. फोनो डबीवर २० हर्ट्झखालचं कापणारा सबसोनिक फिल्टर असेल तर चालू करा.

आणि घर्र असा खोल आवाज, जो सुई रेकॉर्डवर असतानाच येतो आणि उचलली की थांबतो, तो विजेचा नव्हे, यंत्राच्या फिरण्याचा. थाळीच्या मधल्या दांड्याचं बेअरिंग कोरडं असतं. थाळी उचलून जुनं चिकट तेल पुसा आणि शिवणयंत्राचं तेल एक-दोन थेंब. जास्त नको, ते पट्ट्यावर उडतं.

चुरचुरीकडे येतो. एक चाचणी आधी. टक् असा आवाज ठरावीक अंतराने येतो का ऐका. ३३ च्या रेकॉर्डवर एक फेरा १.८ सेकंदांचा असतो. तेवढ्याच अंतराने येत असेल तर तो ओरखडा आहे आणि तो जाणार नाही. कधीही, कुठेही येत असेल तर धूळ, स्थिर वीज किंवा बुरशी. तुमच्या बाबतीत ट्रंक आणि खानापूरचा पाऊस, म्हणून मी बुरशीवर पैज लावेन. जूनपासून चार महिने हवा इतकी ओली असते की कागदी आतलं पाकीट स्पंजासारखं ओल धरून ठेवतं, आणि बुरशी खोबणीत उतरते. तिरप्या उजेडात रेकॉर्ड धरलीत तर पांढुरक्या ठिपक्यांची जाळी दिसेल.

धुवायच्याच. अंगणात, नाकाला कापड बांधून, आधी कोरड्या मऊ ब्रशने वरची बुरशी झटका. मग बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर, त्यात पाचव्या हिश्शापर्यंत आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्याच्या वास नसलेल्या द्रवाचा एकच थेंब. बोअरचं किंवा विहिरीचं पाणी नको, ते वाळल्यावर क्षार खोबणीत बसतात आणि नवी चुरचुर तयार होते. मधल्या लेबलवर डब्याचं झाकण दाबून धरा. मऊ केसांच्या ब्रशने खोबणीच्या दिशेने, गोल, कधीही आडवं नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा. ताटाळ्यात उभ्या करून सावलीत वाळवा. उन्हात ठेवली की ती वाकते, आणि वाकलेली एलपी घरी सरळ करण्याचे जे उपाय लोक सांगतात त्यातले बहुतेक ती संपवतात. जुनी कागदी पाकिटं टाकून द्या, पॉलिथिनची आतली पाकिटं घाला. धुतलेली रेकॉर्ड जुन्या पाकिटात परत घातली तर पुढच्या श्रावणात तीच बुरशी परत. रेकॉर्डी उभ्या ठेवायच्या, कौलांखालच्या माळ्यावर नाही, भिंतीला चिकटून नाही.

धुऊनही चुरचुर राहिलीच, आणि विशेषतः ‘स’, ‘श’, ‘च’ फाटत असतील, तर सुई. हिऱ्याची सुई सर्वसाधारणपणे ५०० ते १००० तास टिकते. तुमच्या सुईचे किती तास झालेत हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे पहिला पैसा इथे घाला. घड्याळजीच्या भिंगातून बघितलंत तर चांगलं टोक गोल चमकतं, झिजलेल्या टोकाच्या दोन बाजूंना सपाट चकाकणाऱ्या जागा दिसतात. तशी सुई खोबणी तासते, आणि तासलेली खोबणी परत येत नाही. म्हणून सुई बदलेपर्यंत वडिलांच्या आवडत्या एलपी लावू नका. चाचण्यांसाठी एखादी फारशी प्रिय नसलेली रेकॉर्ड वापरा.

नव्या सुईवरचं वजन तिच्या कागदावर असेल तेवढंच ठेवा. बहुतेक एमएम कार्ट्रिजना दीड ते अडीच ग्रॅम लागतात. हलकं ठेवलं की रेकॉर्ड वाचते हा समज चुकीचा आहे: हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंती फोडते. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल वजनकाटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. कार्ट्रिज हेडशेलमध्ये सरळ आणि योग्य अंतरावर बसवण्यासाठी प्रोट्रॅक्टरचा छापील कागद वापरा, आणि तो छापताना मोजपट्टीने माप तपासा. हे काम शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी इतरांपेक्षा महत्त्वाचं आहे. एलपीच्या बाहेरच्या कडेला खोबणी सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर वेगाने जाते, लेबलजवळ जेमतेम २० ने. म्हणजे आत निम्म्याहून कमी जागेत तेवढाच आवाज दाटून बसवलेला असतो. आणि आपली गायकी बघा: विलंबित बाहेर, आणि द्रुत, ताना, तराणा नेमके आत, सर्वांत दाट जागी. कार्ट्रिज जरा तिरकं बसलं की ख्यालाची सुरुवात सुंदर लागते आणि शेवट फाटतो. लोक गायकाला किंवा रेकॉर्डिंगला दोष देतात.

तुमच्या ७८ च्या तबकड्यांचं वेगळं. नाट्यपदांची ओढ या भागाला जुनी आहे, अण्णासाहेब किर्लोस्करांचं गुर्लहोसूर याच जिल्ह्यातलं. त्यामुळे अशा तबकड्या बेळगाव-निपाणीच्या घरांतून अजून निघतात. त्या लाखेच्या मिश्रणाच्या असतात. त्यांना अल्कोहोल लावलं तर पृष्ठभाग विरघळतो, म्हणून वरचं मिश्रण यांना अजिबात नाही. नुसतं डिस्टिल्ड पाणी, ओलसर कापड, लगेच पुसून कोरडी. त्यांची खोबणीही रुंद: एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, यांना सत्तरच्या आसपासचं लागतं. एलपीची सुई त्यात तळाला जाऊन फक्त कचरा वाचते आणि स्वतः झिजते. काही कार्ट्रिजमध्ये त्याच अंगात ७८ ची सुई बसते, घेतानाच विचारून घ्या. तुमच्या टर्नटेबलला ७८ चा वेग आहे का तेही बघा, पट्ट्याच्या बऱ्याच यंत्रांना नसतो. आणि या तबकड्या, तसंच जुन्या मोनो एलपी, अँप्लिफायरवर मोनो करून ऐका. मोनो खोबणीत गाणं आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीत फक्त खरखर. दोन्ही बाजू एकत्र केल्या की ती उभी खरखर बरीचशी एकमेकींना खाऊन टाकते. फुकट मिळणारी याहून मोठी सुधारणा मला माहीत नाही.

बाजारात रेकॉर्डी विकत घेणार असाल तर एक इशारा. आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्डी पुष्कळदा मंडपवाल्यांकडून आलेल्या असतात, लग्नसराईत भोंग्यावर जड सुईने वाजलेल्या. वरून चकचकीत दिसल्या तरी खोबणी खलास असते. शक्यतो ऐकून घ्या.

शेवटी स्पीकर. तुमचं होम थिएटर सिनेमासाठी बनवलेलं आहे, तरी स्टिरिओ मोडवर ठेवा, हॉल, कॉन्सर्ट वगैरे सगळे परिणाम बंद करा, सबवूफरचा आवाज तबल्याचा डग्गा डग्ग्यासारखा वाटेल इतका उतरवा. दोन्ही स्पीकर कोपऱ्यातून बाहेर, मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट, कानांच्या उंचीला, आणि तुम्ही बसता ती जागा धरून समान त्रिकोणात. गायक मधे उभा असल्यासारखा ऐकू आला पाहिजे. तो मधे येत नसेल आणि खर्ज पोकळ असेल तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट लागल्यात. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत आवाज घुमतो. पुढे सतरंजी अंथरा, मागच्या भिंतीला घोंगडी टांगा. आपल्या धनगरी घोंगडीइतकी जाड लोकर महागड्या पॅनेलचं काम बऱ्यापैकी करते.

एवढं झाल्यावरही पैसे खर्च करायचे असतील तर क्रम असा ठेवा: सुई किंवा कार्ट्रिज, मग चांगल्या अडॅप्टरची आणि मोनो खटका असलेली फोनो डबी, मग दोन चांगले स्टिरिओ स्पीकर, आणि सर्वांत शेवटी अँप्लिफायर. साठ हजारांतले निम्म्याहून अधिक तुमच्याकडेच राहतील, असा माझा अंदाज आहे.

या आठवड्यात अर्थ वायर लावा, टर्नटेबल शोकेसवरून हलवा आणि फेरे मोजा. मोटरवरच्या पट्टीचा फोटो, पुलीचा व्यास, पट्ट्याची जाडी आणि तीन मिनिटांत आलेले फेरे मला कळवा. पुली करायची की नुसता पट्टा बदलायचा हे त्या आकड्यांवरून सांगतो.